जंबेरी एवढी आंबट, मग तिच्यावरची मोसंबी पाणचट कशी?

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात व्यापारी माल बघायला येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी मी द्राक्षाचा ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली गोडी मोजायचं यंत्र, घेऊन मोसंबीत शिरलो. आमचा कवठेमहांकाळचा पट्टा द्राक्षाचा, इथं मण्यात पाणी उतरायला लागलं की घरोघरी मीटर बाहेर निघतो, पण मोसंबीचं फळ कापून त्याचा रस मीटरवर टाकताना आमच्या शिवारात मी कुणाला बघितलं नाही. दोन झाडं धरली, शेजारीशेजारची, एकाच दिवशी लावलेली, एकाच ड्रिपच्या लाइनवरची, जात पण एकच न्यूसेलर. प्रत्येकाची चारी बाजूंनी बाहेरच्या अंगाची आठ-आठ फळं काढली. पहिल्या झाडाचं फळ दिसायला मोठं, साल जाड आणि खरबरीत, कापल्यावर मधी बोट जाईल एवढी पोकळी, रस पाण्यासारखा आणि जिभेवर काही म्हणजे काही राहीना. सगळ्याचा रस एकत्र करून बघितला तर पावणेनऊ. दुसऱ्याचं फळ जरा लहान पण हाताला जड, साल पातळ, रसाला रंग होता आणि चव घशाखाली गेल्यावर पण रेंगाळत होती, मीटरवर दहा.

आमचे तात्या बांधावर बसले होते, त्यांनी दोन्ही चाखून बघितली आणि म्हणाले, "अरं हा जंबेरीचा गुण उतरलाय. खुंटच आंबट, तर वर गोडी कुठनं येणार?" जंबेरी म्हणजे आंबट लिंबाच्या जातीचं झाड, ज्याच्या मुळीवर मोसंबीचं कलम करतात तो खुंट. तात्यांचं हे बोलणं मी लय जणांच्या तोंडून ऐकलंय आणि गंमत अशी की त्यात निम्मं खरं आहे आणि निम्मं पार उलटं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खुंट म्हणजे काय हे आपल्या सांगली-तासगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९९० नंतर पाणी कमी पडायला लागलं, त्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं, तेव्हा द्राक्षवाले डॉगरीजकडं वळले. ती मूळची अमेरिकेतल्या टेक्सासकडची जंगली वेल, आधी तिची रोपं रानात लावायची, ती वाढली की वर थॉमसन नायतर सोनाकाचं कलम भरायचं, मग खाली मुळी जंगलीची आणि वर द्राक्ष आपलं. आणि डॉगरीजवर वेल किती माजतो हे पण आपण सगळ्यांनी भोगलंय. मोसंबी-संत्र्याचं तेच आहे, फक्त तिथं काडीऐवजी एक डोळा भरतात. महाराष्ट्रात खाली बहुतेक करून दोनच खुंट असतात, एक जंबेरी आणि दुसरा रंगपूर लाइम. दोन्ही संत्रावर्गातल्या झाडाचा महाळुंगाशी संकर होऊन झालेले, म्हणजे माहेर एकच, पण स्वभावात बराच फरक.

आता तात्यांच्या बोलण्यातलं उलटं काय ते बघू. जंबेरीचं फळ आंबट असतं, पण जंबेरीच्या मुळीत तो आंबटपणा भरून ठेवलेला नसतो. फळातलं आम्ल फळ स्वतः तयार करतं, आपल्या फोडीतल्या रसाच्या कांड्यांमध्ये, आणि ते किती करायचं हे वरच्या जातीच्या रक्तात लिहिलेलं असतं. साखर येते पानांतून. मुळीकडनं वर जातं ते पाणी, खनिजं आणि मुळीनं पाठवलेली थोडी संप्रेरकं. म्हणून खुंट आंबट असो नायतर कडू, त्याची चव वर चढत नाही, मोसंबी मोसंबीच राहते. खरं तर जंबेरीवरच्या फळात आम्ल कमीच असतं. साखर कमी, आम्ल पण कमी, म्हणून ते फळ आंबट लागत नाही, पाणचट लागतं, आणि या दोन गोष्टींत लोक सारखी गल्लत करतात. तात्यांचं खरं एवढंच की फरक पडला तो खुंटानंच, त्या दोन झाडांचे खुंट वेगळे होते, ते कसं कळलं ते पुढं सांगतो.

मग चव चढत नाही तर फरक पडतो कसा? पाण्यानं.

जंबेरीची मुळी लांब आणि खोल जाते आणि पाणी ओढण्यात तिचा हात कुणी धरत नाही, म्हणून ती हलक्या, मुरमाड, पाण्याच्या ताणाच्या रानात तग धरते. दुपारी दोनच्या उन्हात पण ती झाडाला पाणी कमी पडू देत नाही. ऐकायला हे चांगलंच वाटतं, झाडाला तर चांगलंच आहे, पण फळाच्या गोडीला थोडी तहान लागावी लागते. हे समजायला तासगावचा बेदाणा घ्या. बेदाणा पाण्यात टाकला की दोन तासांत फुगतो, कारण आत साखर दाबून भरलेली असते आणि साखर पाणी ओढते. झाडावरचं फळ हीच युक्ती उलट्या बाजूनं वापरतं, म्हणजे झाडाला पाणी थोडं कमी पडायला लागलं की आपल्यातलं पाणी पानांनी ओढून नेऊ नये म्हणून फळ रसाच्या कांड्यांमध्ये जास्त साखर भरून घेतं, कारण जिथं साखर जास्त तिथं पाणी धरून ठेवायची ताकद जास्त. ज्या खुंटावर झाड दुपारी थोडं ताणात जातं त्या खुंटावर फळ ही साखर गोळा करतं, आणि जंबेरीवर पाणी सतत हजर असल्यामुळं फळाला ती गरजच पडत नाही, ते नुसतं फुगत राहतं. म्हणजे बघा, लोक म्हणतात तसं हे फक्त सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं नाही. पाणी जास्त होतं हे खरंच, पण त्याबरोबर साखर भरायचं कामच कमी होतं.

दुसरी गोष्ट झाडाच्या माजाची. जोमदार खुंटावर नवी फूट सारखी निघत राहते आणि ती फूट स्वतःच साखर खाते. शिवाय घेर दाट होतो, आतल्या फळांना ऊन मिळत नाही, आणि सावलीतल्या फळाची गोडी कुठल्याही खुंटावर कमीच असते. द्राक्षात आपण विरळणी, शेंडा मारणं, पानं काढणं हे सगळं याच्यासाठीच करतो की.

आता पिकण्याचं बघू, कारण व्यापाऱ्याबरोबरची सगळी भांडणं तिथंच होतात.

पहिलं हे डोक्यात पक्कं पाहिजे की मोसंबी, संत्रं, लिंबू ही फळं आंब्यासारखी अढीत पिकत नाहीत. तोडली त्या दिवशी जेवढी साखर असेल तेवढीच, पुढं ती वाढत नाही. आंब्यात पीठ असतं आणि त्याची साखर होते, मोसंबीत तसलं पीठ साठवलेलं नसतं. इथिलीन देऊन साल पिवळी करता येते, पण आतलं फळ आहे तसंच राहतं. म्हणून झाडावर असताना काय होतं तेवढंच हिशोबात धरायचं.

झाडावर दोन गोष्टी चालू असतात, साखर हळूहळू चढते आणि आम्ल हळूहळू उतरतं. ब्रिक्सला आम्लानं भागलं की जो आकडा येतो त्याला गुणोत्तर म्हणतात आणि तयार माल ओळखायला जगभर तो वापरतात. जंबेरीवर आम्ल भराभर उतरतं, त्यामुळं हे गुणोत्तर लवकर गाठलं जातं आणि माल आगाप तयार झाल्यासारखा दिसतो. इथंच माणूस फसतो. समजा एका फळाचं ब्रिक्स ९ आणि आम्ल ०.३ टक्का, तर गुणोत्तर झालं ३०. दुसऱ्याचं ब्रिक्स १०.५ आणि आम्ल ०.४५, गुणोत्तर आलं २३ च्या आसपास. कागदावर पहिलं फळ जास्त पिकलेलं, पण खाणारा माणूस दुसरंच उचलणार, कारण तिथं साखर पण आहे आणि तिला उठाव द्यायला थोडं आम्ल पण आहे. पहिल्यात दोन्ही बाजू पडलेल्या. तर "लवकर तयार होतं" असं कुणी म्हणलं की विचारायचं, साखर चढली म्हणून लवकर का आम्ल पडलं म्हणून लवकर? पहिलं खरं पिकणं, दुसरं नुसतं ओसरणं. जंबेरीचं लवकर हे बहुतेक दुसऱ्या प्रकारचं.

आणि ते टिकत पण नाही. भाव वाढेल म्हणून जंबेरीवरचा माल आणखी महिनाभर झाडावर ठेवला की आम्ल आणखी पडतं, साल फुगून आतल्या फोडींपासून सुटायला लागते, आणि देठाकडच्या बाजूनं रसाच्या कांड्या पांढऱ्या, कडक, कोरड्या व्हायला लागतात. बाहेरनं फळ मोठं आणि देखणं, कापलं तर भुस्सा. माझ्या पहिल्या बहारात हेच झालं, मी डिसेंबरपर्यंत थांबलो आणि मोठ्यातली मोठी फळं व्यापाऱ्यानं बाजूला काढली, तेव्हा मला वाटलं तो भाव पाडायला करतोय, पण त्यानं माझ्यासमोर पाच कापून दाखवली आणि पाचही कोरडी निघाली. मोठं फळ, जोमदार खुंट आणि उशिरा तोडणी हे तिन्ही एकत्र आलं की हा प्रकार हमखास वाढतो.

सालीच्या रंगाचं अजून वेगळं. रंग यायला थंडी लागते, रात्रीचं तापमान साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की सालीतला हिरवा रंग मोडतो आणि पिवळा-केशरी वर येतो. आपल्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरला सलग एवढी थंडी कुठली पडायला, म्हणून आंबे बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचं, फळ आत तयार असूनही बाहेरनं हिरवट राहतं. त्यात खुंट जोमदार असला, वरनं युरिया जास्त पडला, तर साल आणखी उशिरा पिवळी होते. द्राक्षवाल्यांना फवारणीचं जीए माहीत आहे, तेच जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक झाडात स्वतःचं पण असतं, जोमात वाढणाऱ्या झाडात जास्त, आणि ते साल हिरवी ठेवतं. म्हणजे जंबेरीवर आतलं फळ आधीच उतरणीला लागलेलं असतं आणि साल अजून हिरवीच, आणि आपण रंगाची वाट बघत बसतो. रंगावर अजिबात जाऊ नका, फळ कापा.

मग चांगला खुंट कुठला? गोडीच्या बाबतीत जगात नाव आहे ते ट्रायफोलिएटचं, चीनकडचं तीन पानांचं काटेरी झाड, ज्याची पानं हिवाळ्यात गळतात. जपानात सत्सुमा संत्रं याच्यावरच घेतात. त्याचा आणि गोड संत्र्याचा संकर म्हणजे सिट्रेंज, त्यातला कॅरिझो हा अमेरिकेत १९०९ साली केलेल्या संकरातनं आला. ग्रेपफ्रूटबरोबरच्या संकरातला स्विंगल १९०७ चा, पण तो शेतकऱ्यांपर्यंत पोचायला १९७४ उजाडलं. या सगळ्यांवर फळात साखर जास्त, आम्ल पण पुरेसं, साल पातळ. जंबेरीच्या तुलनेत एक ते दोन ब्रिक्सचा फरक पडू शकतो. फ्लोरिडात रसाच्या कारखान्याला माल घालणाऱ्यांना पैसे फळाच्या वजनावर मिळत नाहीत, रसातल्या साखरेच्या वजनावर मिळतात, आपल्याकडं उसाच्या रिकव्हरीचं असतं तसंच काहीसं, त्यामुळं तिथला बागाईतदार खुंटाचा हिशोब पैशात करतो. जंबेरीवर माल भरपूर पण दर पेटीमागं साखर कमी.

हे वाचून लगेच कुणी कॅरिझो शोधायला निघू नका. ट्रायफोलिएट आणि त्याच्या संकरांना चुनखडी मानवत नाही. आपलं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटाव, खड्डा घेतला तर दोन फुटांवर पांढरा चुना लागतो अशी कितीतरी रानं. तिथं या खुंटावर झाडाला लोह मिळत नाही, पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं होऊन झाड खुरटतं, मग गोडी चाटायची का? तसं बघितलं तर मोसंबीलाच चुनखडी नको असते, मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर कुठल्याच खुंटाच्या भरवशावर बाग धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माती तपासणीला फार खर्च येत नाही आणि बाग वीस वर्षांची असते.

कृष्णाकाठची वाळवा-पलूसकडची काळी भारी रानं बघितली तर तिथं अडचण वेगळी. पाणी साचतं, आणि जंबेरी डिंक्याला आणि मूळकुजीला फार लवकर बळी पडते. बुंध्यातनं डिंक गळायला लागतो, साल कुजते, पान पिवळं पडून एका बाजूची फांदी वाळते. ट्रायफोलिएट या रोगाला चिवट आहे पण त्याला क्षार चालत नाहीत, आणि त्याच रानांत क्षारपडीचा पण त्रास. क्षाराला आणि चुन्याला त्यातल्या त्यात रंगपूर लाइम सोसतो, आणि क्लिओपात्रा नावाचा एक लहान संत्र्याचा प्रकार आहे तो क्षाराला आणखी चांगला, फळाची चव पण चांगली देतो, पण झाड फळाला उशिरा येतं आणि फळं लहान राहतात.

म्हणजे प्रत्येक खुंट काहीतरी देतो आणि काहीतरी मागतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आंबट संत्र्याच्या खुंटाचं. गोडी उत्तम, भारी जमिनीत चालणारा, डिंक्याला टिकणारा, एके काळी जगात त्याच्यावरच भरवसा होता. १९३० च्या दशकात अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये ट्रिस्टेझा हा विषाणू आला, मावा किडीबरोबर पसरला, आणि या खुंटावरची झाडं बघता बघता गेली, आकडा कोटीच्या घरात. डोळा भरलेल्या जोडाखालची अन्न नेणारी नळीच मरायची, मुळ्या उपाशी राहायच्या. ट्रिस्टेझा म्हणजे त्यांच्या भाषेत दुःख. ब्राझीलनं मग रंगपूर लाइम धरला कारण त्याला ट्रिस्टेझाचा त्रास नाही आणि दुष्काळात तो चांगला, आणि १९९९ च्या सुमाराला तिथं अचानक झाडं मरायचा एक नवाच रोग दिसला तो नेमका रंगपूरवरच्या झाडांवर. एकाच खुंटावर सगळा देश बसवला की असं होतं, आणि आपल्याकडं बहुतेक द्राक्षं डॉगरीजवर आहेत हे मला या वाचनानंतर जास्तच खुपायला लागलंय.

आमच्यासारख्या मुरमाड, पाणी बेताचं, थोडा चुना असलेल्या रानाला आज मला विचारलं तर मी रंगपूर घेईन. जंबेरीपेक्षा फळ जरा लहान पण गोडी बरी, ताणाला तेवढाच चिवट. हे माझं मत माझ्या रानापुरतं.

पण घेईन म्हणणं सोपं, मिळतंय तेच आहे का हे कसं कळणार? मी रोपं आणली तेव्हा नर्सरीवाल्यानं सगळी एकाच खुंटावरची म्हणून दिली होती. तिसऱ्या वर्षी कोपऱ्यातल्या दोन झाडांची खुंटाची फूट काढायची राहून गेली आणि ती वाढून तिला फळं धरली तेव्हा खरं बाहेर आलं. एकाला पिवळी, खडबडीत, टोकाला बोंड असलेली फळं, म्हणजे जंबेरी. दुसऱ्याला लहान, गोल, केशरी, हुबेहूब संत्र्यासारखी, शेजारची पोरं संत्रं म्हणून तोडून घेऊन गेली आणि सोलून तोंडात टाकल्याबरोबर थुंकली, कारण आत नुसतं आंबटढाण, तो रंगपूर. मग बाकीच्या झाडांच्या खुंटाची एक-एक फूट मुद्दाम वाढवून ओळख पटवत गेलो, तर दोन्हींची सरमिसळ निघाली.

सरमिसळ बी गोळा करतानाच होऊ शकते. आणि बियाण्यात अजून एक खाच आहे. या खुंटांच्या एका बीतनं बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात, त्यातले बहुतेक आईच्या अंगातनं तयार झालेले, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल, म्हणून तर बियांपासून एकसारखे खुंट मिळतात. पण एखादा कोंब परागीकरणातनं आलेला असतो, तो वेगळा निघतो, फार खुजा नायतर फार उंच, पानाचा आकार वेगळा. चांगला नर्सरीवाला असली रोपं डोळा भरायच्या आधीच उपटून टाकतो. म्हणून नर्सरीत गेल्यावर नुसतं वर भरलेल्या डोळ्याचं विचारू नका. खुंट कुठला, बी कुठल्या झाडाचं, वेगळी रोपं काढली का, हे विचारा, आणि रोपांच्या रांगेकडं वाकून बघा, खुंटाची जाडी आणि डोळ्याची उंची एकसारखी दिसते का ते. डोळा जमिनीपासून वीतभर वर, २० ते २५ सेंटीमीटरवर भरलेला पाहिजे. लावताना तो जोड मातीत गेला की वरची मोसंबी स्वतःची मुळी सोडते, मग खुंटाचा फायदा संपला आणि डिंक्याला दार उघडं. खुंटावर येणारी फूट दर महिन्याला हातानं मोडा, ती राहिली तर वरच्या झाडाच्या तोंडचं अन्न पळवते.

ज्यांची बाग आधीच जंबेरीवर आहे त्यांनी जीवाला लावून घ्यायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन बहारांची फळं कुठल्याही खुंटावर जाड सालीची आणि फिकीच असतात, झाड वयात आलं की चव सुधारते, त्यामुळं लगेच खुंटावर खापर फोडू नका. फुगवण झाल्यावर नत्र बंद करा. तोडणीच्या आधी पाणी एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, म्हणजे जी तहान जंबेरी लागू देत नाही ती थोडी आपण लावायची, द्राक्षात शेवटी करतो तसंच. आतल्या पाणसोट, म्हणजे सरळ वर धावणाऱ्या माजलेल्या फुटी, काढून झाडाच्या पोटात ऊन जाऊ द्या. बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. आणि माल अडवून ठेवू नका, जंबेरीचा माल थांबत नाही.

मी यंदा पेस्ट लावून झाल्यावर प्रत्येक बुंध्यावर पट्टा मारलाय, जंबेरीला निळा आणि रंगपूरला पांढरा. तोडणी दोन टप्प्यांत केली, आधी निळ्या पट्ट्याची झाडं उतरवली आणि पांढऱ्यांची फळं तीन आठवडे तशीच ठेवली. दुसऱ्या तोड्याच्या वेळी व्यापाऱ्यानं कोरडं फळ शोधायला सात कापली, सातही रसाची निघाली, आणि त्यातलं एक तात्यांनी उभ्या उभ्या खाल्लं.